शब्दशास्त्राचे आचार्य पाणिनी

सिंधू आणि काबूल या नद्यांच्या संगमाजवळचा प्रदेश प्राचीन काळी गांधार म्हणून ओळखला जाई. हा भाग आज पाकिस्तानात आहे. तेथील शलातुर या गावी सुमारे २,४०० वर्षांपूर्वी पाणिनी होऊन गेले. मातेच्या नावावरून त्यांना दाक्षीपुत्र असेही म्हणत.

त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. गुरुगृही ते सर्वांत मंद विद्यार्थी होते. सहाध्यायी पुढे गेले, हे मागेच राहिले. खिन्न होऊन त्यांनी हिमालयाची वाट धरली व कठोर तप केले. तेव्हा भगवान शंकरांनी चौदा वेळा डमरू वाजविला आणि त्या नादातून त्यांना वर्णांचा क्रम उमगला.

आख्यायिका काहीही असो. त्यांच्या ग्रंथावरून त्यांचे खरे तप दिसून येते. वेदांच्या भाषेबरोबरच लोकांची नित्याची बोली त्यांनी कान देऊन ऐकली. शेते, नाणी, वजने, खेळ यांचे शब्द त्यांनी पारखले. पूर्वेकडचे लोक एक रूप वापरतात, उत्तरेकडचे दुसरे, हेही त्यांनी नोंदविले. आपल्या आधीच्या दहा वैयाकरणांचा नामनिर्देश करण्यास ते विसरले नाहीत.

शब्द एकमेकांशेजारी आले, की त्यांचे वर्ण बदलतात. प्रति आणि एक मिळून प्रत्येक होते. सु आणि आगत मिळून स्वागत होते. पितृ आणि आज्ञा मिळून पित्राज्ञा होते. वरवर पाहता हे तीन निराळे बदल वाटतात. पाणिनींनी त्यांतील एकच नियम ओळखला. इ, उ, ऋ यांच्यापुढे भिन्न स्वर आला, की त्यांच्या जागी अनुक्रमे य्, व्, र् येतात. असे शेकडो शब्द एका सूत्रात बांधले गेले.

त्या काळी विद्या मुखोद्गत करावी लागे. नियम लांबले, तर ते विस्मरणात जाण्याचे भय होते. म्हणून पाणिनींनी सर्व वर्ण चौदा लहान सूत्रांत मांडले आणि वर्णसमूहांना छोटी नावे दिली. सर्व स्वर म्हणजे अच्, सर्व व्यंजने म्हणजे हल्. व्यंजनान्त शब्दास आपण हलन्त म्हणतो, ते यावरूनच. अशा युक्तीने संस्कृत भाषेचे व्याकरण सुमारे ४,००० सूत्रांत सामावले. आठ अध्यायांचा हा ग्रंथ अष्टाध्यायी या नावाने प्रसिद्ध आहे.

पुढे कात्यायन व पतंजली यांनी या सूत्रांची कसून चिकित्सा केली, काही ठिकाणी भर घातली. परंतु ग्रंथाची थोरवी उणावली नाही. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग शलातुरास आला, तेव्हा तेथे पाणिनींचा पुतळा उभा होता. मराठीचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग यांनाही मराठी भाषेचे पाणिनी म्हणूनच गौरविले जाते.

शलातुरातील तो पुतळा कधीच नाहीसा झाला. पाहुण्यांचे स्वागत करताना पाणिनींचा नियम मात्र आजही आपल्या मुखी असतो.