कॉलिन चॅपमन : मोटारीच्या सांगाड्यास बळ देणारा यंत्रज्ञ

नाशिक शहरांत द्वारका येथें मुंबई-आग्रा रस्ता व पुण्याकडे जाणारा रस्ता एकमेकांस मिळतात. तेथें वळण घेणारी एखादी मालमोटार विद्यार्थिमित्रांनीं लक्षपूर्वक पाहावी. तिचा भार वळणाच्या बाहेरच्या अंगास झुकतो, त्या बाजूच्या स्प्रिंगा दबतात, आणि ज्या पोलादी सांगाड्यावर सर्व गाडी उभी असते, तो चॅसिसही किंचित् पिळवटतो. ओझें वाहणाऱ्या संथ गाडीस हा पीळ सोसतो. शर्यतीच्या वेगवान् मोटारीस तो सोसत नाहीं. सांगाडाच वाकूं लागला म्हणजे चाकें रस्त्यावर योग्य कोनांत टेकत नाहींत, व गाडी चालकाच्या मनाप्रमाणें वळत नाहीं. हा दोष नाहींसा करण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्या कॉलिन चॅपमन यांचें चरित्र बोधप्रद आहे.

चॅपमन यांचा जन्म १९ मे १९२८ रोजीं इंग्लंडमध्यें रिचमंड येथें झाला. त्यांचे वडील लंडनच्या हॉर्नसी भागांत एक हॉटेल चालवीत. कॉलिन यांनीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत इमारती व पूल यांच्या बांधणीचें शास्त्र अभ्यासिलें. अभ्यास चालू असतांनाच ते एका मित्रासह जुन्या मोटारींची खरेदीविक्री करूं लागले. परंतु १९४७ सालीं सरकारनें खाजगी गाड्यांचें पेट्रोल बंद केलें आणि तो धंदा बसला. शेवटच्या परीक्षेंत गणिताचा पेपरही हुकला. त्यांनीं धीर सोडला नाहीं. १९४९ सालीं पुन्हां त्याच पेपरास बसून त्यांनीं पदवी मिळविली.

धंदा बुडाला तेव्हां त्यांच्यापाशीं ऑस्टिन सेव्हन जातीची एक जुनी, लहानशी मोटार उरली होती. ती भंगारांत न काढतां १९४८ सालीं त्यांनीं तिचा कायापालट करण्याचें मनावर घेतलें. तिच्यावर त्यांनीं प्लायवुड व अॅल्युमिनियम यांची नवी काया चढविली, व आंत आडव्या भिंती घालून ती अशी बांधली कीं, तिनें केवळ झांकण न राहतां सांगाड्याचा भार उचलावा. या गाडीस त्यांनीं लोटस, म्हणजे कमळ, असें नांव दिलें.

पुढें १९५१ सालच्या तिसऱ्या गाडीसाठीं त्यांनीं पुन्हां ऑस्टिनचाच चॅसिस घेतला. त्याच्या पोलादी पट्ट्या पन्हळीप्रमाणें एका अंगास उघड्या होत्या. ती उघडी बाजू त्यांनीं बंद केली. यांतील मर्म समजण्यास जाड कागदाची एक पन्हळ करून दोन्ही टोंकांनीं पिळावी. ती सहज पिळते. मग उघड्या बाजूवर कागदाची पट्टी चिकटवून पुन्हां पिळावी. ती दाद देत नाहीं. वजन थोडें वाढतें, बळ मात्र कितीतरी पटींनीं वाढतें. त्याबरोबरच पुढील अखंड आंसाऐवजीं त्यांनीं मध्यें छेदलेला आंस बसविला, म्हणजे एक चाक खड्ड्यांत गेलें तरी दुसरें ढळूं नये. सांगाडा ताठ असावा व स्प्रिंगा मऊ असाव्या, हें त्यांचें सूत्र होतें. सांगाडा ताठ असला तरच स्प्रिंगांस आपलें काम करतां येतें.

त्या गाडीनें अनेक शर्यती जिंकल्या. १९५२ सालीं हेझेल विल्यम्स यांनीं दिलेल्या अवघ्या २५ पौंडांच्या भांडवलावर त्यांनीं लोटस कंपनी स्थापन केली. हेझेल यांच्याशीं १९५४ सालीं त्यांचा विवाह झाला. १९६२ सालीं त्यांनीं शर्यतीच्या गाडींतून निराळा सांगाडाच काढून टाकला व अॅल्युमिनियमच्या पत्र्याची ताठ नौकाकृति काया हाच सांगाडा केला. तीच गाडी घेऊन जिम क्लार्क यांनीं १९६३ सालीं जगज्जेतेपदाच्या १० शर्यतींपैकीं ७ जिंकल्या. चॅपमन यांच्या हयातींत लोटसनें गाड्या बांधणाऱ्यांचें जगज्जेतेपद ७ वेळां मिळविलें.

परंतु चरित्रकारानें उजेडाबरोबर छायाही दाखविली पाहिजे. वजन घटविण्याचा त्यांना ध्यास होता, व त्यांच्या गाड्या नाजूक असल्याची तक्रार वारंवार होई. त्यांचे चालक योखेन रिंट यांनीं १९६९ सालीं पत्र लिहून ही भीति त्यांस कळविली होती. पुढील वर्षीं इटलींत मोंझा येथें शर्यतीपूर्वीं गाडी चालवीत असतां रिंट अपघातांत मरण पावले. त्या वर्षाचें जगज्जेतेपद त्यांस मरणोत्तर मिळालें. शिवाय डिलोरियन मोटार कंपनीच्या पैशांच्या अफरातफरींत चॅपमन यांचें नांव गोंवलें गेलें. या प्रकरणाचा पूर्ण उलगडा होण्यापूर्वींच, १६ डिसेंबर १९८२ रोजीं, हृदयविकारानें ते वयाच्या ५४ व्या वर्षीं निधन पावले. त्याच प्रकरणांत पुढें १९९२ सालीं त्यांच्या कंपनीचे हिशेब पाहणाऱ्या सहकाऱ्यास तुरुंगवास झाला.

बालमित्रहो, या चरित्रापासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. हातीं आलेली वस्तु जुनी वा क्षुद्र असली तरी तिचा दोष नेमका कोठें आहे हें शास्त्रानें शोधून काढावें. मग एका पत्र्याच्या पट्टीनेंही तिचें रूप पालटतें. दुसरी गोष्ट याहून मोलाची. अनावश्यक भार टाकावा, पण ज्यावर दुसऱ्याचा जीव व विश्वास अवलंबून आहे, तेथें बळाची काटकसर करूं नये. हा नियम यंत्रास जितका लागू आहे, तितकाच माणसाच्या शीलासही लागू आहे.