शंकर गुहा नियोगी : नदीचा प्रश्न कामगारांच्या मागण्यांत आणणारा नेता

छत्तीसगडमधील भिलाई शहरातल्या कोहका या वसाहतीपासून बंगालचा उपसागर शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या परिसरातील सांडपाण्याचा अखेरचा मुक्काम समुद्रच असतो. येथील नाले शिवनाथ नदीच्या खोऱ्यात उतरतात, शिवनाथ महानदीला मिळते आणि महानदी ओडिशात पारादीपजवळ सागराला मिळते. या जलमार्गाच्या उगमाकडील टोकाला, कारखान्यांच्या दारात, पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न उपस्थित करणाऱ्यांमध्ये कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

नियोगी यांचा जन्म १४ फेब्रुवारी १९४३ रोजी एका बंगाली कुटुंबात झाला. धीरेश हे त्यांचे मूळ नाव. त्यांचे बालपण आसाम आणि जलपाईगुडी येथे गेले. १९६०च्या दशकाच्या आरंभी ते भिलाईला आले. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली होती. या कारखान्याच्या कोक भट्टी विभागात नियोगी काम करू लागले. कामगार चळवळीतील सहभागामुळे त्यांना नोकरी गमवावी लागली. त्यानंतर काही वर्षे त्यांनी खेड्यापाड्यांत राहून मिळेल ते काम केले. दानीटोला येथील खाणीत मजुरी करीत असताना आशा या खाणकामगार तरुणीशी त्यांचा विवाह झाला.

आणीबाणीत त्यांना कारावास भोगावा लागला. सुटकेनंतर १९७७ मध्ये दल्ली राजहरा येथील लोहखनिज खाणींच्या कंत्राटी मजुरांनी त्यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघाची स्थापना केली. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या पोलीस गोळीबारात ११ जणांचा बळी गेला. त्यांच्या स्मरणार्थ मजुरांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून शहीद रुग्णालय उभारले. ते १९८३ मध्ये सुरू झाले. संघर्षाला रचनात्मक कार्याची जोड हवी, हे नियोगी यांच्या विचारांचे सूत्र होते. खाणींच्या संपूर्ण यांत्रिकीकरणाला विरोध करताना त्यांनी अर्धयांत्रिकीकरणाचा पर्याय मांडला. त्यामुळे उत्पादन आणि रोजगार या दोहोंचा विचार करणे शक्य झाले.

छत्तीसगड मुक्ती मोर्चा या संघटनेच्या माध्यमातून हे कार्य खाणींबाहेर विस्तारले. मजूर आणि शेतकरी यांचे ऐक्य दर्शविणारा लाल-हिरवा ध्वज तिने स्वीकारला. १९८५ मध्ये मोर्चाचे जनकलाल ठाकूर डौंडी लोहारा मतदारसंघातून मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून आले. कायदेमंडळाच्या दारी निवेदने घेऊन जाणाऱ्या श्रमिकांचा प्रतिनिधी आता सभागृहात बसू लागला.

पर्यावरणाकडे नियोगी श्रमिकांच्या जीवनाचा भाग म्हणून पाहत. दल्ली राजहरा येथे त्यांनी वृक्षलागवड करविली आणि आपले जंगल ओळखा अशी मोहीम चालविली. मजुरांच्या घरातून दारू हद्दपार करण्याचे त्यांचे आंदोलन गाजले होते. पुढे मद्यनिर्मितीचा दुसरा दुष्परिणामही मोर्चाने पुढे आणला. भिलाई आणि रायपूर यांच्या दरम्यान कुम्हारी येथे असलेल्या मद्यार्क कारखान्यामुळे खारुन नदी दूषित होत असल्याची तक्रार होती. मद्यार्क कारखान्याच्या सांडपाण्यात सेंद्रिय द्रव्ये विपुल असतात. ती कुजताना पाण्यातील प्राणवायू वेगाने संपतो आणि मासे गुदमरतात. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठी राहणाऱ्यांना मेलेल्या माशांचे हे दृश्य अपरिचित नाही. खारुन पुढे शिवनाथला मिळते.

कारखान्यावर पोट असलेल्या कामगाराने त्याच कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्ध बोलावे काय, हा येथे खरा पेच होता. वेतन हवे असेल तर नदीविषयी मौन बाळगावे, आणि नदी हवी असेल तर रोजगार सोडावा, अशी मांडणी सर्वत्र केली जाते. नियोगी यांनी ती स्वीकारली नाही. ज्या मजुराला पुरेसे वेतन नाकारले जाते, त्याच्याच गावाच्या घाटावर दूषित पाणी येते. म्हणून दोन्ही मागण्यांचा कैवार एकाच संघटनेने घ्यावा, अशी त्यांची भूमिका होती.

कायद्याचा आधारही उपलब्ध होता. १९७४च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्यातील प्रवाहाच्या व्याख्येत नदी आणि भूजल तर येतेच, शिवाय राज्य शासन अधिसूचित करील त्या मर्यादेपर्यंत समुद्राचे पाणीही येते. किनाऱ्यावरही याच काळात जागृती झाली होती. १९८९ मध्ये देशभरातील मच्छीमारांनी पाणी आणि जीवन यांच्या रक्षणासाठी किनारपट्टीवरून कन्याकुमारीपर्यंत यात्रा काढली. १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र शासनाने किनारपट्टी नियमन अधिसूचना काढली. तिने भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यावर निर्बंध घातले. मात्र दूरवरच्या नद्यांतून येणारे दूषित पाणी अशा पट्ट्याने अडत नाही. त्यासाठी दक्ष नागरिक नदीकाठीच असावे लागतात.

१९९० पासून नियोगी भिलाईतील खासगी कारखान्यांच्या कंत्राटी कामगारांचे नेतृत्व करीत होते. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्यांना अटक झाली. सप्टेंबरमध्ये कामगारांसह दिल्लीला जाऊन त्यांनी कामगार कायद्यांच्या उल्लंघनाबाबत राष्ट्रपती रामस्वामी वेंकटरमण यांना निवेदन सादर केले. काही दिवसांतच, २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे, भिलाईतील निवासस्थानी झोपेत असताना त्यांची गोळी झाडून हत्या करण्यात आली. या खटल्यात १९९७ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरविले. १९९८ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांना मुक्त केले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ गोळी झाडणाऱ्याला दोषी ठरवून जन्मठेप सुनावली.

नियोगी यांच्यानंतरही दुर्ग जिल्ह्यात नदीचा प्रश्न धगधगत राहिला. १९९८ मध्ये शिवनाथचा सुमारे २३ किलोमीटरचा पट्टा २२ वर्षांच्या कराराने एका खासगी कंपनीच्या हाती गेला. काठच्या गावांना मासेमारी आणि स्नान यांसाठीही अडथळे येऊ लागल्याने नागरिकांनी आंदोलन केले. अखेर २००७ मध्ये छत्तीसगड विधानसभेच्या लोकलेखा समितीने हा करार रद्द करण्याची शिफारस केली. कायदेमंडळापर्यंत पोहोचलेला नागरिकांचा आवाज दखल घेण्यास भाग पाडतो, हे यातून दिसले. केवळ ४८ वर्षांच्या आयुष्यात नियोगी यांनी श्रमिकांना हाच मार्ग दाखविला होता.