क्रिकेटपटू बाळू पालवणकर

भाताची कापणी आटोपून शेते मोकळी झाली म्हणजे आमच्या पेडणे-डिचोलीच्या मुलांना पटांगण शोधीत हिंडावे लागत नाही. बांधाच्या ह्या अंगास फुटबॉल आणि त्या अंगास क्रिकेट असा दुहेरी मेळा दिवस मावळेपर्यंत चालू असतो. खेळताना कोणी कोणाचे आडनाव विचारीत नाही. नेमका चेंडू टाकणारा गडी हवा असतो, तो मिळाला म्हणजे झाले. परंतु खेळ संपून तहान लागली की आडनावे पुन्हा जागी होत, एकाच्या हाती तांब्या दिला जाई आणि दुसऱ्याच्या ओंजळीत वरून पाणी घातले जाई, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. मैदान आणि माजघर ह्यांमधले हे अंतर ज्याने आपल्या डाव्या हाताच्या गोलंदाजीने कमी करीत आणले, त्या खेळाडूचे चरित्र आम्ही येथे सांगत आहोत.

बाळू पालवणकरांचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाड येथे झाला. आडनाव कोकणपट्टीतले, जात चर्मकाराची. वडील पुण्यात लष्करी खात्यात नोकरीस होते. छावणीतील गोरे अधिकारी क्रिकेट खेळत आणि जुने झालेले साहित्य टाकून देत. त्या टाकाऊ चेंडू-फळीवर बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम ह्यांनी खेळाचे पहिले धडे गिरविले. शाळा लवकरच सुटली. घरास हातभार लावण्यासाठी बाळू प्रथम पारशांच्या आणि मग १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पुणे क्लबात मैदानाची राखण करू लागला. महिना चार रुपये पगार. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, झाडलोट करावी, जाळी बांधावी, आणि साहेबलोकांना सरावासाठी चेंडू टाकावेत, हे त्याचे काम.

त्या काळच्या उत्तम फलंदाजांत गणले जाणारे कॅप्टन ग्रेग रोज इतरांच्या आधी तासभर येऊन एकट्या बाळूच्या चेंडूंवर सराव करीत. आपणांस बाद केल्यास दर खेपेस आठ आणे द्यावयाचे, असा त्यांनी करार केला होता असे सांगतात. हा करार झाला असो वा नसो, फलंदाजीची वही ज्याच्यापुढे रोज उलगडली जात होती त्या मुलाने ती पाने नीट वाचली, एवढे खरे. मात्र इतकी वर्षे चेंडू टाकणाऱ्या त्याच्या हाती त्या क्लबात कोणी एकदाही बॅट दिली नाही. फलंदाजी हा सरदारांचा विलास आणि गोलंदाजी ही मजुराची मेहनत, अशी ती समजूत होती.

ही समजूत कोठून आली हे पाहावयाचे तर थोडे विलायतेस जावे लागेल. बाळू पुण्यात रूळ ओढीत असतानाच इंग्लंडात रग्बी नावाच्या खेळात मोठे भांडण पेटले होते. हा लांबट चेंडू हातांत घेऊन धावण्याचा खेळ मूळचा धनिकांच्या शाळांतला. १८७१ मध्ये लंडनात त्याची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, आणि खेळासाठी पैसा घेणे हे तिने निषिद्ध मानले. पण उत्तरेकडील यॉर्कशायर-लँकेशायरात हाच खेळ गिरणीकामगार आणि खाणकामगार खेळू लागले. सामन्यासाठी कामावरून सुटावे तर मजुरी बुडे. ती बुडालेली मजुरी तरी भरून द्या, अशी त्यांच्या क्लबांची मागणी होती, आणि १८९३ साली ती फेटाळली गेली. तेव्हा १८९५ च्या ऑगस्टच्या २९ तारखेस हडर्सफील्ड गावी वीसाहून अधिक क्लब एकत्र आले आणि वेगळे झाले. पुढे त्यांनी नियमही बदलले. पंधरांचे तेरा गडी केले आणि रेटारेटी कमी करून खेळ वेगवान केला. तोच आजचा रग्बी लीग. जुना पंधरा गड्यांचा खेळ रग्बी युनियन म्हणून राहिला. पैसे घेऊन लीग खेळणाऱ्यास युनियनची दारे बंद होत, आणि युनियनने स्वतः पैसा मान्य केला तो १९९५ साली, म्हणजे फाटाफुटीला शंभर वर्षे झाल्यावर! एक सभ्य गृहस्थांचा खेळ आणि एक कष्टकऱ्यांचा, ही विभागणी इंग्लंडापुरती ठीक. वेल्समध्ये मात्र कोळशाच्या खाणीतले मजूरही युनियनच खेळत आले.

क्रिकेट असे फुटले नाही. तेथे सभ्य गृहस्थ आणि पगारी खेळाडू एकाच संघात खेळत. पण कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याचे दरवाजेही वेगळे, आणि हा भेद १९६२ पर्यंत टिकला. हेच क्रिकेट आमच्या देशात आले, आणि येथे त्यास जातीची जोड मिळाली. विलायतेतल्या खाणकामगाराला स्वतःचा निराळा खेळ उभारता आला. बाळूला जावयास दुसरे मैदान नव्हते. त्याला ह्याच मैदानावर आणि ह्याच माणसांत राहून दारे उघडावयाची होती.

पुण्याच्या हिंदू क्लबास गोऱ्यांशी सामना खेळावयाचा होता, आणि बाळूसारखा गोलंदाज तर हाताशी हवा. घ्यावा की न घ्यावा, ह्यावर मोठा खल झाला. अखेर विजयाची ओढ सोवळ्यापेक्षा प्रबळ ठरली. मात्र मैदानात ज्याच्या हातचा चेंडू चाले, त्यास मैदानाबाहेर चहा मंडपाच्या बाहेर, मातीच्या टाकाऊ भांड्यात मिळे. पान वेगळे, बसणे वेगळे. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याचा पराभव झाला तो मुख्यतः बाळूंच्या गोलंदाजीमुळे. तेव्हा न्यायमूर्ती रानडे ह्यांनी जाहीरपणे खेळाडूंचे कान उपटले, की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यास कचरण्याचे कारण नाही. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचा गौरव केला.

पुढे प्लेगच्या काळात पालवणकर मुंबईस आले. तेथील हिंदू जिमखान्यातही प्रथम कुरकुर झाली, पण कर्णधार कीर्तिकरांच्या आग्रहाने ते संघात आले. पोटासाठी त्यांनी बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी धरली. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू विरुद्ध युरोपियन असा गाजलेला सामना मुंबईस झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. राज्यकर्त्यांचा १०९ धावांनी पराभव झाला, आणि त्यात पालवणकरांनी आठ बळी घेतले. शिवरामही ह्या संघात होता. एव्हाना दोघे भाऊ जिमखान्यात इतरांबरोबर बसून खाऊ-पिऊ लागले होते. मातीच्या भांड्यापासून ह्या मेजापर्यंत येण्यास किती बळी लागले, ह्याचा हिशेब कोणत्याही धावफलकावर नाही.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ विलायतेस गेला. संघाचा दौरा एकंदरीत फसलाच. पण पालवणकरांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले आणि तेथील जाणकारांकडून शाबासकी मिळविली. परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. मानपत्र तयार करण्यात एका तरुण विद्यार्थ्याचा हात होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर.

एक दार मात्र उघडता उघडत नव्हते. अनुभवाने आणि कर्तबगारीने कर्णधारपद पालवणकरांकडे यावयास हवे होते; ते दरवर्षी दुसऱ्याकडे जाई. १९२० साली कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा धाकटा भाऊ विठ्ठल ह्याचा हक्क डावलून दुसऱ्याची नेमणूक झाली, आणि बाळूंनाही वगळण्यात आले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल ह्यांनी संघातून अंग काढून घेतले व आपली बाजू लोकांपुढे उघडपणे मांडली. चार रुपयांच्या नोकरीपासून चालत आलेले मौन त्या दिवशी सुटले, असे आम्हांला वाटते. लोकमत त्यांच्या बाजूचे झाले. अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळू उपकर्णधार झाले, आणि पै मैदान सोडून गेले तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला आणि त्याने युरोपियनांवर विजय मिळविला. लोकांनी त्यास खांद्यावर घेतले.

क्रिकेट सुटल्यावर पालवणकर राजकारणात आले. १९३२ साली अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत की संयुक्त, ह्यावर देश हादरला. वेगळे झाल्याखेरीज न्याय नाही, असे डॉ. आंबेडकरांचे मत, एकाच घरात राहून हक्क मिळवावा, हा पालवणकरांचा कल. हडर्सफील्डच्या सभेतला तोच प्रश्न येथे फार मोठ्या दुःखाच्या पोटी उभा राहिला होता. पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने पालवणकरांना डॉक्टरांच्याच विरुद्ध उभे केले. मानपत्र घेणारा आणि ते लिहिण्यास हातभार लावणारा, असे दोघे समोरासमोर आले. डॉक्टरांना १३,२४५ मते पडली, पालवणकरांना ११,२२५. कोणाचा मार्ग बरोबर होता, हा निवाडा आम्ही करीत नाही. ज्या अनुभवातून ते दोन मार्ग निघाले तो अनुभव मात्र एकच होता.

१९५५ च्या जुलैच्या ४ तारखेस पालवणकरांचे निधन झाले. प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, प्रत्येकी अवघ्या पंधरा धावांच्या मोबदल्यात, अशी त्यांची नोंद आहे. हिंदू संघाचा कर्णधार म्हणून त्यांचे नाव अधिकृतपणे कधीच लागले नाही.