आनंदीबाई जोशी

आनंदीबाई गोपाळराव जोशी (३१ मार्च, १८६५ – २६ फेब्रुवारी, १८८७) या पाश्चात्त्य वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक होत्या. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी १८८६ मध्ये एम.डी. ही पदवी घेतली. या पदवीसाठी त्यांनी भारतीय प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध सादर केला होता. माता आणि नवजात बालक यांची शुश्रूषा हा विषय उच्च शिक्षणाच्या अभ्यासक्रमात संशोधनासाठी निवडणाऱ्या त्या आरंभीच्या भारतीय महिलांपैकी होत.

बालपण आणि विवाह

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. त्यांचे वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी यांचे घराणे कल्याण येथील होते. घराण्याकडे एकेकाळी जमीनदारी होती, परंतु पुढे आर्थिक स्थिती खालावली. वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचा विवाह टपाल खात्यात कारकून असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव विधुर होते आणि वयाने तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. विवाहानंतर तिचे नाव आनंदी ठेवण्यात आले.

गोपाळराव स्त्रीशिक्षणाचे कट्टर पुरस्कर्ते होते. पत्नीने शिकावे हा त्यांचा हट्ट होता. तो तडीस नेताना ते अनेकदा कठोरपणे वागत, अशा नोंदी आनंदीबाईंच्या चरित्रांमध्ये आढळतात. नोकरीतील बदल्यांमुळे हे दांपत्य अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता आणि श्रीरामपूर (बंगाल) अशा ठिकाणी राहिले. या काळात आनंदीबाई मराठीबरोबरच संस्कृत आणि इंग्रजीही शिकल्या.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. पुरेसे वैद्यकीय साहाय्य न मिळाल्याने तो अवघ्या दहा दिवसांत दगावला. त्या काळी मराठी घरांतील बाळंतपण सुईणीच्या आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हाती असे. पुरुष डॉक्टरकडून तपासणी करून घेण्यास स्त्रिया संकोचत आणि स्त्री डॉक्टर जवळजवळ नव्हत्याच. अपत्याच्या मृत्यूनंतर वैद्यकीय शिक्षण घेण्याचा आनंदीबाईंचा निश्चय दृढ झाला.

अमेरिकेस प्रयाण

पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन धर्मोपदेशकाशी पत्रव्यवहार केला. वाइल्डर यांनी साहाय्यासाठी धर्मांतराची अपेक्षा व्यक्त केली, ती जोशी दांपत्याला मान्य नव्हती. हा पत्रव्यवहार वाइल्डर यांनी आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सी राज्यातील रोझेल येथे राहणाऱ्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्या तो वाचनात आला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि अमेरिकेत आपल्या घरी राहण्याचे निमंत्रण दिले. या दोघींमध्ये पुढे मावशी–भाचीचे नाते जडले.

विवाहित हिंदू स्त्रीने एकटीने समुद्रप्रवास करण्याच्या कल्पनेला समाजातून तीव्र विरोध झाला. त्याला उत्तर देण्यासाठी २४ फेब्रुवारी, १८८३ रोजी आनंदीबाईंनी श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात इंग्रजीत व्याख्यान दिले. भारतात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे हे त्यांनी त्यात मांडले आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे सांगितले. या व्याख्यानानंतर त्यांना देशाच्या निरनिराळ्या भागांतून मदत मिळाली. ७ एप्रिल, १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याहून प्रस्थान ठेवले व जून महिन्यात त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. गोपाळराव त्या वेळी त्यांच्यासोबत गेले नव्हते.

शिक्षण आणि प्रबंध

फिलाडेल्फियाचे महिला वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये स्थापन झाले होते. केवळ स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या जगातील सर्वांत जुन्या संस्थांमध्ये त्याची गणना होते. अधिष्ठात्री डॉ. रेचेल बॉडली यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली यांचे शिक्षणही त्याच काळात तेथे सुरू होते. या तिघींचे आपापल्या देशांच्या वेशातील १८८५ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे.

तेथील एम.डी. ही आजच्या भारतीय अर्थाने पदव्युत्तर पदवी नव्हती. वैद्यकीय व्यवसायासाठी ती पहिलीच पदवी होती. तथापि तिच्यासाठी अभ्यासक्रम व परीक्षांबरोबर स्वतंत्र प्रबंध लिहिणे आवश्यक असे. आनंदीबाईंनी आपल्या प्रबंधासाठी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. त्यात त्यांनी आयुर्वेदीय ग्रंथ आणि अमेरिकन वैद्यकीय पाठ्यपुस्तके या दोहोंचा आधार घेतला.

ही निवड अनेक दृष्टींनी महत्त्वाची ठरते. सुश्रुतसंहितेसारख्या ग्रंथांत गर्भ, गर्भिणी, प्रसूती व बाळंतीण यांविषयी तपशीलवार विवेचन आहे. प्रत्यक्षात मात्र बाळंतपणाचे व्यवहारज्ञान सुईणींच्या तोंडी परंपरेने चालत आले होते. परदेशी परीक्षकांसमोर आपल्याकडील ज्ञान अभ्यासविषय म्हणून मांडणाऱ्या आनंदीबाई त्या वेळी वयाच्या विशीत होत्या. स्वतःचे अपत्य गमावलेल्या स्त्रीने हा अभ्यास केला होता, हेही लक्षणीय आहे.

अमेरिकेतील कडाक्याची थंडी, अपुरा आहार आणि अभ्यासाचा ताण यांमुळे त्यांची प्रकृती ढासळत गेली. त्यांना क्षयरोगाने ग्रासले. तरीही त्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. ११ मार्च, १८८६ रोजी त्यांना पदवी प्रदान करण्यात आली. पदवीदान समारंभास गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होते. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले.

कोल्हापूरची नेमणूक आणि मृत्यू

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंची नेमणूक आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री कक्षाच्या प्रमुख म्हणून केली. हेच रुग्णालय आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय या नावाने ओळखले जाते. घाटाखालच्या मालवण–सावंतवाडी भागालाही, म्हणजे आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला, कोल्हापूर हे जवळचे मोठे शहर आहे. १८८६ च्या अखेरीस आनंदीबाई मायदेशी परतल्या, परंतु आजारपणामुळे त्यांना कोल्हापूरचे काम हाती घेता आले नाही. २६ फेब्रुवारी, १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पूर्ण होण्यास एक महिन्याहून थोडा अधिक काळ उरला होता. त्यांच्या अस्थी थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथील दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या जतन करण्यात आल्या.

वारसा

आनंदीबाईंना एकाही रुग्णाची स्वतंत्रपणे सेवा करता आली नाही. मात्र त्यांच्या शिक्षणाने पुढच्या पिढीतील स्त्रियांसमोर उदाहरण ठेवले. कोल्हापूरच्या त्याच रुग्णालयात पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी अनेक वर्षे काम केले. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या लेडी डफरिन निधीने स्त्रियांसाठी रुग्णालयांबरोबरच परिचारिका व सुईणींच्या प्रशिक्षणालाही चालना दिली. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने मध्यमवर्गीय घरांतील स्त्रियांसाठी परिचर्येचे शिक्षण खुले केले.

प्रबंधात आनंदीबाईंनी हाताळलेले क्षेत्र आज परिचर्याशास्त्रातील एक स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आहे. भारतात एम.एस्सी. नर्सिंग या अभ्यासक्रमात प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या हा विशेष विषय म्हणून शिकवला जातो. त्यासाठी विद्यार्थ्यांना संशोधनपर प्रबंध लिहावा लागतो आणि पुढे पीएच.डी. करता येते.

आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये, तर मराठी चरित्र काशीबाई कानिटकर यांनी लिहिले. श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी आणि २०१९ मध्ये प्रदर्शित झालेला त्याच नावाचा मराठी चित्रपट त्यांच्या जीवनावर आधारित आहेत. शुक्र ग्रहावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.