हँडलपासून सुटका करणारा केटरिंग

गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन अजिंठ्याची लेणी पाहायला निघालो होतो. घाट उतरण्याआधी अजिंठा गावात चहाला थांबलो आणि गाडी तिथेच बसली. किल्ली फिरवली की एकदाच ‘टक्’ व्हायचे, पुढे सारे शांत. हॉर्न खणखणीत, दिवेही मंद होत नव्हते, म्हणजे बॅटरीचा दोष नव्हता. कोणीतरी म्हणाले, पुढे फर्दापूरपर्यंत उतारच आहे, गाडी सोडा, घाटात गिअर टाकला की चालू होईल. शेजारच्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी ते ठाम मोडून काढले. इंजिन बंद असले की ब्रेक जड होतो, स्टिअरिंग वळत नाही, आणि गाडीत म्हातारे माणूस. आधी सेल्फ काढू, म्हणाले.

आपल्याकडे स्टार्टर मोटर कोणी म्हणत नाही. ‘सेल्फ-स्टार्टर’मधला दुसरा शब्द केव्हाच गळून पडला. दुरुस्तीला वेळ लागणार होता, म्हणून बाकड्यावर बसून आईला मी ज्याने हा सेल्फ दिला त्या चार्ल्स केटरिंगची गोष्ट सांगत बसलो.

केटरिंग २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. डोळे लहानपणापासून अधू. वाचायला बसले की डोके दुखे. काही काळ त्याने शाळेत शिकवले. डोळ्यांपायी कॉलेज सोडून टेलिफोनच्या तारा ओढण्याची कामे केली, पुन्हा कॉलेजात गेला आणि १९०४ साली, अठ्ठाविसाव्या वर्षी, इंजिनिअर झाला. उशीर झाला खरा, पण खांबावर चढून शिकलेली वीज पुस्तकातल्या विजेपेक्षा त्याला पुढे जास्त उपयोगी पडली असावी असे मला वाटते.

डेटन गावातल्या कॅश रजिस्टरच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली. दुकानातला गल्ल्याचा तो खटका तेव्हा हाताने ओढावा लागे. केटरिंगने त्याला छोटी मोटर बसवली. त्याच्या ध्यानात आले की ही मोटर दिवसभर चालायची नाही, क्षणभरच जोर लावायचा आहे. तेवढ्यापुरते तिच्याकडून कुवतीबाहेरचे काम करून घेता येते. मग ती निवत बसली तरी चालते. १९०९ साली त्याने एडवर्ड डीड्‌स या सहकाऱ्याबरोबर डेल्को ही कंपनी काढली. पहिले काम डीड्‌सच्या घरामागच्या कोठारात चाले.

त्या काळी मोटार चालू करायची म्हणजे पुढे उभे राहून हँडल मारायचे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांनाही अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून हँडल धरायची शिस्त होती, ती याचसाठी. बायरन कार्टर नावाचा मोटार-उत्पादक परक्या बाईच्या गाडीचे हँडल मारताना जखमी होऊन दगावला, आणि त्या दुःखाने कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांनी केटरिंगला गाठले, अशी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती १९१० सालची म्हणून सांगतात. कार्टर मात्र १९०८ सालीच वारला होता. असो. लेलंडना हँडल नको होते, एवढे नक्की.

इंजिन फिरवायला लागणारी मोटर गाडीत मावणार नाही, असा जाणकारांचा हिशेब होता. तो दिवसभर चालणाऱ्या मोटरचा होता. केटरिंगने गल्ल्याची युक्ती इथे लावली. १९११च्या फेब्रुवारीत चाचणीची गाडी तयार झाली, १९१२च्या कॅडिलॅकवर सेल्फ आला. हात न मोडता, कोणाची वाट न पाहता बायकांनाही पेट्रोलची गाडी काढता येऊ लागली. विजेच्या गाड्यांचे आकर्षणच हे होते की त्यांना हँडल नसे, ते संपले.

एवढ्यात मिस्त्रींनी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. ही तार आधी सोडायची, शेवटी जोडायची. नाहीतर पाना चुकून बॉडीला टेकला की ठिणग्यांचा पाऊस, कारण सेल्फ सुरू होताना दीडशे-दोनशे अँपिअर ओढतो. दोन बोल्ट काढून सेल्फ फडक्यावर उघडला. कार्बन झिजून बोटाच्या पेराएवढेही उरले नव्हते, आर्मेचर काळेठिक्कर पडले होते. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिले. थंडीत सकाळी गाडी उठली नाही की मी किल्ली अर्धा अर्धा मिनिट दाबून धरायचो, ते मी मुकाट कबूल केले. केटरिंगचा सारा डाव क्षणभराच्या जोरावर होता, आणि तो मीच मोडला होता. दहा सेकंदांहून जास्त मारायचा नाही, मधे अर्धा मिनिट थांबायचे, असे त्यांनी बजावले. कार्बन बदलता आले असते, जळलेले आर्मेचर नाही. दुसरा सेल्फ सिल्लोडहून एसटीने येणार होता.

आईने विचारले, पुढे त्या माणसाचे काय झाले? पुढचे सांगताना मी अडखळलो. केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा १९४७पर्यंत प्रमुख होता. त्याच्याच हाताखाली थॉमस मिजलीने १९२१ साली पेट्रोलमध्ये शिसे घालण्याची युक्ती शोधली. इंजिनाची ठोकठोक थांबली. १९२४ साली न्यू जर्सीतल्या कारखान्यात पाच कामगार शिशाच्या विषाने गेले, तरी केटरिंग त्या पेट्रोलच्या बाजूनेच उभा राहिला. शिसे विषारी असते हे त्या काळीही डॉक्टरांना ठाऊक होते, त्यामुळे अजाणतेपणाची सवलत मला त्याला देता येत नाही. आपल्या देशात ते पेट्रोल २००० साली बंद झाले, जगात सर्वांत शेवटी अल्जीरियात, २०२१ साली. तोवर रस्त्याकडेच्या किती पोरांच्या रक्तात ते गेले असेल! आणि याच माणसाने आल्फ्रेड स्लोनबरोबर १९४५ साली कर्करोगाच्या संशोधनाची संस्था उभी केली. तिला दोघांचीही नावे आहेत. १९५८च्या नोव्हेंबरात डेटनला तो वारला.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, सेल्फचे पुण्य त्याच्या खात्यात लिही, पण दुसरे खोडू नकोस.

एसटी आली. मिस्त्रींनी सेल्फ बसतो ती जागा आधी पॉलिश पेपरने घासली. परतीची वीज त्याच धातूतून जाते, गंज राहिला तर नवा सेल्फही दम धरत नाही. फ्लायव्हीलचे दात हाताने फिरवून पाहिले, बोल्ट कसले, तार शेवटी जोडली. किल्ली फिरवली आणि इंजिन लगेच लागले. घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये, चालू इंजिनावर उतरलो. लेणी बंद व्हायला दीड तास होता.