कल्पक उद्योगपती शेठ वालचंद हिराचंद

आपल्या समाजाने देशाला दिलेल्या कर्तबगार पुरुषांत शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूर येथील दिगंबर जैन कुटुंबात झाला. 'जैन बोधक' पत्राचे संस्थापक शेठ हिराचंद नेमचंद हे त्यांचे पिताश्री. घरचा व्यापार सोडून वालचंदजी श्री. फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेच्या कंत्राटात शिरले. सिंधिया जहाज कंपनी, वालचंदनगर ही त्यांची कार्ये सर्वश्रुत आहेत. येथे विचार करावयाचा आहे तो नवी वस्तू बाजारात आणण्याच्या त्यांच्या पद्धतीचा.

१९३९ मध्ये ते मोटार-उत्पादनाच्या बोलणीसाठी अमेरिकेस गेले होते. परतीच्या विमानप्रवासात त्यांची विल्यम पावले या विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली आणि भारतात विमान तयार करण्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. म्हैसूर संस्थानाने जमीन व भांडवल दिले. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली आणि ऑगस्ट १९४१ पर्यंत तेथील पहिले हार्लो शिकाऊ विमान आकाशात उडालेसुद्धा! जेमतेम आठ महिने.

ही किमया कशी साधली? नवा आराखडा रेखाटण्यात त्यांनी वर्षे घालविली नाहीत. अमेरिकेत उडालेले, तुलनेने साधे विमान निवडले. तेथूनच यंत्रे व जाणकार अभियंते आणविले. ही निव्वळ जुळवणी होती, असा आक्षेप घेता येईल व तो खोटाही नाही. परंतु कारागिरांचा हात आधी बसावा लागतो. आम्हा कापडवाल्यांना तर हे लगेच पटेल, की हंगाम सरल्यावर आलेला नवा माल कितीही सुबक असला तरी फडताळातच पडून राहतो.

याउलट मोटारीची कथा. माणूस तोच, जिद्द तीच. पण ब्रिटिश सरकारने युद्धकाळात या उद्योगास आवश्यक मानले नाही. परवानगीअभावी योजना रखडली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर पडण्यास १९४७ उजाडले. विमानाला आठ महिने, मोटारीला सुमारे आठ वर्षे! विलंब कारखान्यात नव्हे, दिल्लीच्या कचेऱ्यांत झाला.

विमान कारखानाही त्यांच्याकडे राहिला नाही. १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. ८ एप्रिल १९५३ रोजी सिद्धपूर येथे त्यांचे देहावसान झाले. बंगळूरचा तो कारखाना पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स या सरकारी कंपनीत सामील झाला व तेथे आजही विमाने तयार होतात.