वादळाच्या कुशीतील शांती : संत फ्रान्सिस झेवियर आणि समुद्र

दरवर्षी ३ डिसेंबर रोजी आपण संत फ्रान्सिस झेवियर यांचा सण साजरा करतो. जुन्या गोव्यात त्यांच्या पवित्र अवशेषांपुढे नतमस्तक होण्यासाठी आपल्या धर्मग्रामांतूनही भाविक जातात. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झालेल्या दर्शन सोहळ्यालाही आपल्यापैकी अनेकजण जाऊन आले. चांदीच्या पेटीत विसावलेले गोंयचो सायब आपल्या परिचयाचे आहेत. परंतु त्या देहाने आयुष्याच्या अखेरच्या अकरा वर्षांतील कितीतरी महिने खवळलेल्या समुद्रावर काढले, हे आपल्याला सहसा आठवत नाही. निसर्गाच्या रौद्र रूपापुढे ख्रिस्ती माणसाने कसे उभे राहावे, हे त्यांच्या जीवनातून आपण आज समजून घेऊ या.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नवारा प्रांतातील झेवियरच्या किल्ल्यात झाला. डोंगराळ मुलखात वाढलेल्या या तरुणाचा समुद्राशी संबंध नव्हता. पॅरिसच्या विद्यापीठात शिकत असताना संत इग्नेशियस लोयोला यांच्या सहवासाने त्यांचे जीवन पालटले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी मोंमार्त्र येथे सात मित्रांनी प्रभूच्या सेवेची शपथ वाहिली, तिच्यातूनच पुढे येशूसंघ उभा राहिला. १५३७ साली फ्रान्सिस यांना व्हेनिस येथे गुरुदीक्षा मिळाली आणि ७ एप्रिल १५४१ रोजी, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, ते लिस्बनहून भारताकडे निघाले.

हा प्रवास तेरा महिने चालला. पहिले दोन महिने ते बोट लागल्याने हैराण झाले. पुढे गिनीच्या किनाऱ्यासमोर वारा पडला आणि शिडाचे जहाज सुमारे चाळीस दिवस जागच्या जागी खोळंबले. मोझांबिकच्या बेटावर मोसमी वाऱ्याची वाट पाहत मुक्काम पडला, तेथे रुग्णांची शुश्रूषा करता करता ते स्वतः तापाने आजारी झाले. ६ मे १५४२ रोजी ते गोव्याला उतरले, तेव्हा एक धडा त्यांना मिळालेला होता. वारा राजाच्या हुकमाने वाहत नाही. देव देईल तेव्हाच तो येतो, आणि माणसाला वाट पाहावी लागते.

त्याच वर्षी ते दक्षिणेकडील मोती काढणाऱ्या परवर मच्छीमारांमध्ये गेले. १५४४ च्या अखेरीस त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील मुक्कुवर कोळ्यांच्या गावोगावी हिंडून त्यांनी एका महिन्यात दहा हजारांहून अधिक लोकांना स्नानसंस्कार दिला. तमिळनाडूच्या याच दक्षिण किनाऱ्यावर २६ डिसेंबर २००४ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, त्सुनामीची लाट आली आणि कन्याकुमारी जिल्ह्यातील ख्रिस्ती कोळीवाड्यांत शेकडो लोकांचा बळी गेला. ज्यांच्या पूर्वजांनी संतांच्या हातून श्रद्धा स्वीकारली, त्यांच्यावरच हा आघात का, हा प्रश्न त्या वेळी अनेकांच्या ओठी आला. या प्रश्नाला झेवियर यांच्या जीवनात तयार उत्तर सापडत नाही. पण तोच प्रश्न त्यांच्यासमोरही उभा राहिला होता.

१५४६ साली ते आजच्या इंडोनेशियातील मोलुक्का बेटांवर पोहोचले. मोरो बेटांकडे जाण्याचे त्यांनी ठरविले, तेव्हा तर्नाते येथील स्नेह्यांनी त्यांना खूप विनवले. तेथील लोक अन्नात विष घालतात, अशी भीती होती. स्नेह्यांनी विषावरचे उतारे आणून दिले, परंतु औषधावरील विश्वासाने देवावरील भरवसा उणा होईल, म्हणून त्यांनी ते घेतले नाहीत. पुढे या बेटांना देवावरील आशेची बेटे म्हणावे, असे त्यांनी आपल्या बंधूंना कळविले.

त्या मुलखातील निसर्ग त्यांनी कधी न पाहिलेला होता. एक डोंगर सतत आग आणि राख ओकत होता. एका उद्रेकात एवढी राख पडली, की शेतावरून परतणाऱ्या माणसांचे डोळे तेवढे दिसत होते. रानडुकरे आंधळी होऊन मेली आणि किनाऱ्यावर मेलेल्या मासळीचा खच पडला, असे गावकऱ्यांनी त्यांना सांगितले. संत मिखाएल महादूताच्या सणाच्या दिवशी ते मिस्साबलिदान अर्पण करीत असताना धरणीकंप झाला. वेदी कोसळेल की काय, अशी धास्ती त्यांना वाटली.

हे सारे काय आहे, असे लोकांनी विचारले, तेव्हा आपल्या काळच्या समजुतीनुसार त्यांनी तो जळता डोंगर नरकाचे दृश्य म्हणून दाखविला. धरणीकंपामागे महादूत मिखाएल दुष्ट आत्म्यांना हुसकावत असावा, असेही त्यांच्या मनात आले. आज आपल्याला ठाऊक आहे, की त्या बेटांखाली भूकवचाचे प्रचंड पट्टे एकमेकांखाली सरकतात आणि त्यातून भूकंप व ज्वालामुखी घडतात. हाल्माहेरा बेटाच्या उत्तरेकडील दुकोनो ज्वालामुखी १९३३ पासून जवळजवळ अखंड धुमसत आला आहे. संतांचे हे स्पष्टीकरण आपण स्वीकारण्याचे कारण नाही. शिलोहातील बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, हे प्रभू येशूने स्वतः शिकविले आहे. आपत्तीत सापडलेल्यांच्या माथी पापाचा ठपका ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. संतांकडून घ्यायचे ते वेगळेच आहे, आणि ते पुढच्या प्रवासात दिसते.

१५४७ च्या अखेरीस मलाक्काहून कोचीनकडे येताना श्रीलंकेजवळ त्यांच्या जहाजाला तुफानाने गाठले. तीन दिवस आणि तीन रात्री वादळ थांबेना. जहाज हलके करण्यासाठी माल समुद्रात फेकण्यात आला. लोक जिवंतपणीच आपल्या मरणाचा शोक करू लागले. फ्रान्सिस यांनी त्या वेळी समुद्राला शांत होण्याची आज्ञा केली नाही. त्यांनी पापनिवेदने ऐकली आणि प्रार्थना केली. पृथ्वीवरील आपल्या संघबंधूंपासून आरंभ करून साऱ्या ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेवर त्यांनी स्वतःला सोपविले. आदल्या वर्षी निवर्तलेले मित्र पीटर फाबर यांचा त्यांनी स्वर्गवासी म्हणून धावा केला, त्या फाबर यांना २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी संत घोषित केले. या संकटातून सुटका व्हायची असेल, तर तुझ्या सेवेसाठी असेच किंवा याहून मोठे संकट पुढे असू दे, असे त्यांनी देवाकडे मागितले. वादळ शमल्यानंतरच्या सुखापेक्षा वादळातच आपल्याला अधिक सांत्वन लाभले, असे त्यांनी रोमला कळविले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, १५४८ साली, ते गव्हर्नरांची भेट घेण्यासाठी आपल्या वसईला आले. किनाऱ्यावर उतरलेल्या या धर्मगुरूच्या मनात ते तुफान अजून ताजे असले पाहिजे.

पुढील वर्षी २४ जून १५४९ रोजी ते एका चिनी जहाजातून मलाक्काहून जपानकडे निघाले. २१ जुलै रोजी समुद्र खवळला. त्यांचा चिनी सोबती मॅन्युएल जहाजाच्या उघड्या तळात पडून जबर जखमी झाला, आणि त्याच दिवशी कप्तानाची मुलगी समुद्रात पडून बुडाली. शोकाने वेडापिसा झालेल्या बापाने आपल्या देवतेपुढे कौल लावला. मॅन्युएल मेला असता तर मुलगी वाचली असती, असा कौल निघाला. क्षणात या ख्रिस्ती प्रवाशांचा जीव धोक्यात आला. आपत्ती आली की माणूस दोषी शोधतो, ही खोड तेव्हाही होती आणि आजही आहे. त्या रात्री फ्रान्सिस यांनाही भीतीने घेरले, आणि ते त्यांनी लपविले नाही. परंतु सैतानाला देवाच्या परवानगीवाचून काही करता येत नाही आणि खरी भीती समुद्राची नसून देवावरील भरवसा गमावण्याची बाळगावी, हा बोध त्यांनी त्या अनुभवातून घेतला. १५ ऑगस्ट रोजी जहाज कागोशिमाला लागले.

त्यांच्यानंतर लोकांनी अनेक कथा सांगितल्या. त्यांपैकी एकीत वादळ शमविण्यासाठी समुद्रात बुडविलेला क्रूस हातातून निसटतो आणि दुसऱ्या दिवशी एक खेकडा तो किनाऱ्यावर आणून देतो. पाठीवर क्रूसासारखी खूण असलेला खेकडा आपल्या मासळी बाजारातही दिसतो, म्हणून ही कथा आपल्याला जवळची वाटते. तरीही संतांनी स्वतः लिहून ठेवलेला चमत्कार अंतःकरणात घडलेला आहे. समुद्र खवळलेलाच राहिला आणि मन शांत झाले.

अखेरीस ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यासमोरील सांच्वान बेटावर, गवताने शाकारलेल्या झोपडीत, थंडीने आणि तापाने झिजलेल्या अवस्थेत त्यांनी देह ठेवला. चीनला नेणारी होडी आली नाही. जवळ अंतोनियो हा चिनी ख्रिस्ती सोबती होता. वाऱ्याची वाट पाहत सुरू झालेली सेवा होडीची वाट पाहत संपली.

देवाने वावटळीतून ईयोबाशी बोलताना त्याच्या दुःखाचे कारण सांगितले नाही. त्याने समुद्राच्या मर्यादा आणि वनातील श्वापदे दाखविली, आणि सृष्टी माणसाच्या मुठीत मावत नाही याची जाणीव करून दिली. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यासमोरून गेले, तेव्हा ही जाणीव आपल्या कोळी बांधवांना नव्याने झाली. अशा वेळी हवामान खात्याचा इशारा पाळणे, होड्या सुरक्षित ओढून घेणे आणि आपत्तीत सापडलेल्या घरासाठी धावून जाणे हे आपले कर्तव्य आहे. आणि आपले सारे उपाय संपतात, तेथे त्या वादळाहून मोठा असलेला पिता आपल्याला सोडत नाही, हा विश्वास संत फ्रान्सिस झेवियर यांच्या मध्यस्थीने आपणा सर्वांना लाभो. समुद्रावर असलेल्या प्रत्येकाला प्रभू सुखरूप किनाऱ्याला आणो.